पणदरे ते दिल्ली : हवेतले अंतर, वाटेतला वेळ

दोन शहरांमधले विमानाचे अंतर किती आणि वेळ किती लागतो, हा प्रश्न आता कोणालाही विचारावा लागत नाही. मोबाइलवर दोन नावे टाकली की उत्तर येते. पुणे ते दिल्ली : सुमारे १,१५० किलोमीटर, दोन तास दहा मिनिटे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याच्या एखाद्या मुलीची दिल्लीला दुपारी दोन वाजता मुलाखत असेल, तर घरातून कधी निघायचे हे या दोन्ही आकड्यांवरून तिला कळत नाही. अंतराचा आकडा पृथ्वीच्या आकारातून येतो. वेळेचा आकडा विमान कंपनीच्या वेळापत्रकातून येतो. आणि तिचा खरा प्रवास सुरू होतो नीरा–बारामती रस्त्यावर. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजून घेतल्या, तर हवाई प्रवासाचे बरेच कोडे सुटते.

आधी अंतर घेऊ. ते कोणाच्याही मदतीशिवाय काढता येते आणि दहावीचे गणित त्याला पुरते. पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ २८.५६ उत्तर आणि ७७.१० पूर्व. अक्षांशातला फरक ९.९८ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून दिल्ली पुण्याच्या उत्तरेला सुमारे १,१०८ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.१८ अंश, पण इथे १११ ने सरळ गुणून चालत नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येत जातात. पुण्याच्या अक्षांशावर एका अंशाचे साधारण १०५ किलोमीटर होतात, दिल्लीजवळ ९८ सुद्धा भरत नाहीत. म्हणून मधल्या अक्षांशाची, म्हणजे २३.५७ अंशांची कोज्या घ्यायची : ०.९१७. गुणाकार केला की पूर्वेकडचे अंतर ३२४ किलोमीटर येते. आता काटकोन त्रिकोण. १,१०८ चा वर्ग, ३२४ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर १,१५४.

संगणकाचे उत्तर यापेक्षा किंचित कमी येते. कारण पृथ्वी पुरती गोल नाही. ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे, त्यामुळे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळ ११०.६ किलोमीटरचा आणि ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटरचा भरतो. हा एका किलोमीटरचा फरक शोधण्यासाठी माणसांनी आयुष्ये घातली आहेत. त्यांपैकी एकाची कबर महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला आहे. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजली आणि पुढे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत दक्षिण भारत मापला. नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेले. आपल्याकडे त्याआधी कितीतरी शतके भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त हेच गणित उलट्या बाजूने मांडले होते. एकाच रेखांशावरची दोन गावे घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, मधले अंतर मोजा आणि त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ काढा. आज आपण परीघ माहीत धरून गावांमधले अंतर काढतो. त्यांनी गावांमधल्या अंतरावरून परीघ काढला. पुणे–दिल्लीचा आकडा मोबाइलवर क्षणात उमटतो, तेव्हा त्यामागे ही सगळी मोजणी उभी असते, हे मला नेहमी सांगावेसे वाटते.

पुणे–दिल्ली रेषा जवळजवळ दक्षिणोत्तर आहे, म्हणून सपाट नकाशावर पट्टी ठेवली तरी फार फसगत होत नाही. पूर्व-पश्चिम दूरच्या प्रवासात मात्र नकाशा सपशेल फसवतो. मुंबई–न्यूयॉर्क घ्या. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिकवरून जाते, आणि त्या वाटेने अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर होते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर तो मुंबईतून वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकत निघतो, ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे नॉर्वे-आइसलँडच्या भागापर्यंत चढतो आणि मग अमेरिकेकडे उतरतो. ही वाट भरते सुमारे १२,५०० किलोमीटर. अमेरिकेतल्या मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांना विमानातल्या पडद्यावर बर्फाळ प्रदेश दिसतो आणि विमान आडवाटेला गेले की काय असे वाटते. खरे तर तीच सर्वांत जवळची वाट आहे. शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर मुलांना दोरा हातात देऊन हे जरूर करायला लावावे.

पुणे–दिल्लीची सरळ रेषा संगमनेरवरून, मनमाड-धुळ्याच्या जवळून, नर्मदा ओलांडून, इंदूर-उज्जैनच्या पश्चिमेने आणि कोट्याजवळून दिल्लीला पोहोचते. विमान मात्र हुबेहूब या रेषेवरून उडत नाही. आकाशात ठरलेले मार्ग आहेत, हवाई दलाची राखीव क्षेत्रे आहेत, ढगांचे मोठे मनोरे चुकवायचे असतात. म्हणून प्रत्यक्ष कापलेले अंतर थोडे वाढते. उंचीमुळे अंतर वाढते असा एक समज आहे. त्याला फारसा अर्थ नाही. अकरा किलोमीटर उंचीवरून गेल्याने दिल्लीपर्यंतच्या वाटेत जेमतेम दोन किलोमीटरची भर पडते.

आता वेळ. एअरबस ए-३२० सारखे विमान वरच्या हवेत ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. १,१५० भागिले ८३० केले तर एक तास तेवीस मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र दोन तास दहा मिनिटे. मधला पाऊण तास कुठे जातो?

वेळापत्रकातली वेळ उड्डाणापासून धरत नाहीत. चाकांखालचे अडथळे काढून विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि दिल्लीत ठरलेल्या जागी थांबले की बंद होते. लोहगावला एकच मुख्य धावपट्टी आहे, साधारण अडीच किलोमीटर लांबीची, आणि ती हवाई दलाची आहे. १९३९ मध्ये मुंबईच्या संरक्षणासाठी हा तळ उभारला गेला. आजही प्रवासी विमाने लढाऊ विमानांच्या वेळा सांभाळून उडतात. तेव्हा धावपट्टीच्या तोंडाशी थांबण्यात काही मिनिटे जातात. उडाल्यावर दहा हजार फुटांखाली विमानाला २५० नॉट्सची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. पूर्ण उंची गाठायला वीसेक मिनिटे लागतात. म्हणजे मनमाड येईपर्यंत विमान चढतच असते. दुसऱ्या टोकाला उतरण्याचा हिशेब असा की दर हजार फूट खाली यायला सुमारे तीन नॉटिकल मैल लागतात. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचे तर दोनशे किलोमीटर आधीच सुरुवात हवी. जयपूरच्या अक्षांशाच्या आसपास वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो, तेव्हा प्रवाशांना वाटते दिल्ली आली. दिल्ली अजून अर्ध्या तासावर असते. मग रांगेतली विमाने, वळसे, उतरल्यावर अफाट विमानतळावर दहा-पंधरा मिनिटे चाकांवरचा प्रवास. आणि या सगळ्यावर कंपनी थोडा वेळ राखून ठेवते, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर पोहोचल्याची नोंद होते. विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा होते, तेव्हा बहुधा हा राखीव वेळ वापरावा लागलेला नसतो.

वाऱ्याचा हिशेब वेगळा सांगायला हवा. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटले असताना प्रवाहाबरोबर पोहणारा आणि प्रवाहाविरुद्ध पोहणारा, दोघे सारखाच जोर लावतात, पण काठावरची झाडे वेगवेगळ्या वेगाने मागे पडतात. विमानाचेही तसेच. त्याचा वेग हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नाही. हे सर्वांत नीट शिकतात ती बारामतीच्या आकाशात छोटी विमाने उडवणारी मुले. बारामतीच्या एमआयडीसीजवळच्या विमानतळावर नियमित प्रवासी सेवा नाही, पण वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. ऊस आणि द्राक्षबागांवरून घिरट्या घालणाऱ्या त्या विमानांचा आवाज या भागाच्या सवयीचा झाला आहे. व्यावसायिक परवान्यासाठी शिकाऊ वैमानिकाला एक लांबचे एकट्याचे उड्डाण करावे लागते : किमान ३०० नॉटिकल मैल, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर, आणि मध्ये दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. निघण्यापूर्वी तो कागदावर वाऱ्याचा त्रिकोण काढतो. विमानाचा वेग, वाऱ्याची दिशा आणि वेग, आणि त्यातून जमिनीवर पडणारा खरा वेग.

या त्रिकोणातली एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. समजा विमानाचा वेग १०० नॉट्स आहे आणि १२० नॉटिकल मैलांवर जाऊन परत यायचे आहे. वारा नसेल तर जाऊन-येऊन दोन तास चोवीस मिनिटे. आता जाताना समोरून २० नॉट्सचा वारा आहे. जाण्याचा वेग ८०, वेळ दीड तास. येताना तोच वारा पाठीशी, वेग १२०, वेळ एक तास. एकूण अडीच तास. जाताना गमावलेला वेळ येताना पुरता भरून निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि पाठीच्या वाऱ्यात कमी. शिकाऊ वैमानिकाला इंधन किती घ्यायचे हे ठरवताना ही सहा मिनिटे विसरून चालत नाही.

मोठ्या विमानांना भेटणारे वारे याहून कितीतरी जोरदार असतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर बारा किलोमीटरच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान प्रवाह असतो, त्याचा वेग शंभर नॉट्सच्या पुढे जातो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर त्याच्या उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह तयार होतो. मुंबई–न्यूयॉर्क प्रवासात जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात आणि येताना त्याहून तास-दीड तास कमी, ते पश्चिमी वाऱ्यांमुळे. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, हे अनेकदा ऐकू येणारे स्पष्टीकरण चूक आहे. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि त्या हवेतले विमानही. तसे नसते तर नुसते वर उडून एका जागी थांबले की तासाभरात खाली अरबी समुद्र आला असता.

वाऱ्याइतकाच वेळ कधी कधी राजकारण खाते. २०१९ मध्ये बालाकोटनंतर आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडला. शहरे होती तिथेच राहिली, अंतर तेच राहिले, तास वाढले. तिकिटावरची घड्याळाची वेळही फसवी असते. मुंबईहून दुबईला प्रत्यक्षात सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, पण दुबईचे घड्याळ दीड तास मागे असल्याने तिकीट पाहून वाटते की दोन तासांच्या आतच पोहोचलो. परदेशी निघालेल्या घरच्या माणसांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली तर विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांचे हाल वाचतात.

हवेतला वेळ नव्वद वर्षांत किती आक्रसला हे पाहण्यासारखे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमान उडवले. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून, अहमदाबादला थांबून, ते दुपारी दोनच्या आधी मुंबईत जुहूला उतरले. म्हणजे सव्वासात तास. आजचे जेट विमान तेवढे अंतर दीड तासाच्या आत कापेल. पण त्या सेवेची खरी अडचण वेगाची नव्हती, जागेची होती. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जायचे. मग विमाने, कारागीर आणि सगळा पसारा पुण्याला हलवावा लागे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानाचा धावपट्टीसारखा वापर होई. ते मैदान आणि आजचा लोहगाव विमानतळ यांत फार अंतर नाही. विमान कितीही चांगले असले तरी उतरण्याची जागा आणि तिथपर्यंतचा रस्ता हाच प्रवासाचा अवघड भाग, हे तेव्हाही खरे होते.

आता पणदऱ्याकडे परत येऊ, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. पणदरे ते लोहगाव हवेतले अंतर ऐंशी किलोमीटरच्या आत-बाहेर. विमानाच्या हिशेबात ही सहा मिनिटांची गोष्ट. रस्त्याने ते शंभराच्या घरात जाते. कोऱ्हाळे, वडगाव निंबाळकर, करंजेपूल, सोमेश्वरनगर, निंबूत करत नीरा. तिथून जेजुरी, सासवड, मग दिवे घाट उतरून फुरसुंगी, हडपसर, मुंढवा, खराडी आणि शेवटी विमाननगर. विमानतळ शहराच्या पलीकडच्या अंगाला असल्याने शेवटचे वीस किलोमीटर पहिल्या पन्नासांइतका वेळ घेतात. दुसरी वाट बारामती–पाटसवरून सोलापूर महामार्गाने. तीत थेऊर फाट्याला वळून केसनंद-वाघोलीवरून गेले तर हडपसर टळते. दिवसाच्या वेळी तीन तास धरावेत, त्याहून कमी धरणे धोक्याचे.

मुलाखत दिल्लीत दुपारी दोनला. तिसऱ्या टर्मिनलवरून मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन वीसेक मिनिटांवर आहे, पण विमानातून उतरून, बॅग घेऊन, गाडी पकडून, पत्ता शोधून दीड-दोन तास हवेत. म्हणजे बारापर्यंत उतरले पाहिजे. विमान पुण्याहून दहाच्या आधी सुटले पाहिजे. कंपनीचे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, सुरक्षा तपासणीची रांग वेगळी, म्हणून आठला लोहगाव. म्हणजे पहाटे पाचला पणदरे सोडायचे. पाच ते दोन, नऊ तास. यात विमान प्रत्यक्ष हवेत असते पावणेदोन तास. उरलेले सव्वासात तास जमिनीवरचे. योगायोगाने जे. आर. डीं.ना कराची-मुंबईला लागले तेवढेच.

आणि हे नऊ तास सगळ्या ऋतूंत सारखे नसतात. गाळप हंगाम सुरू झाला की माळेगाव आणि सोमेश्वर या दोन कारखान्यांच्या दरम्यानचा हा रस्ता उसाने भरून जातो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावर सांडलेली पाचटे आणि कांड्या. मागे अडकलेल्या गाडीला पुढे काढायला जागा मिळत नाही. नेमक्या त्याच डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळचे धुके असते आणि विमाने उशिरा सुटतात किंवा जयपूरसारख्या दुसऱ्या विमानतळावर वळवली जातात. म्हणजे या गावच्या माणसाला हिवाळ्यात दोन्ही टोकांना वेळ राखून ठेवावा लागतो. आषाढीच्या आधीचा एक दिवस तर पंचांगात पाहूनच ठेवावा. माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्याहून एकाच दिवशी निघते. दोन्ही हडपसरपर्यंत येतात, एक दिवे घाट चढून सासवडला जाते, दुसरी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. पणदऱ्याहून विमानतळाला जायच्या दोन्ही मोठ्या वाटा त्या दिवशी वारकऱ्यांच्या असतात. पोलीस पर्यायी मार्ग जाहीर करतात, ते आदल्या दिवशीच पाहून घ्यावेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी लोहगावहून सगळी प्रवासी उड्डाणे चौदा दिवस बंद होती. तेव्हा दिल्ली गाठायची तर आधी मुंबई गाठावी लागली.

जमिनीवरचा हा वेळ धरला की कोणत्या अंतराला विमान घ्यावे हेही ठरवता येते. पुणे–मुंबई हवेतून सव्वाशे किलोमीटर; तिथे विमानाचा काही उपयोग नाही. पुणे–नागपूर हवेतून सहाशे, वेळापत्रकात दीड तासाच्या आतबाहेर. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली वंदे भारत हेच अंतर ८८१ किलोमीटरच्या रुळांवरून बारा तासांत कापते, पण ती दौंडच्या कॉर्ड लाइन स्थानकावर थांबते. पणदऱ्याहून दौंड दीड तासाच्या आत येते, हडपसरची कोंडी नाही, दोन तास आधी पोहोचणे नाही. विमान तरीही जिंकते, पण दीड विरुद्ध बारा असे नाही; घर ते घर मोजले तर सात-आठ विरुद्ध चौदा असा तो सामना होतो. बरोबर लहान मुले आणि सामान असेल तर मी रेल्वेच सुचवीन. दिल्लीसाठी मात्र तसे म्हणवत नाही. झेलम एक्सप्रेसला एक दिवस आणि वर काही तास लागतात, आणि तिथे विमानाचा फायदा निर्विवाद आहे.

म्हणूनच पुरंदरच्या नियोजित विमानतळाकडे या पट्ट्याचे लक्ष लागलेले आहे. २०१६ पासून त्याची चर्चा आहे. पारगाव मेमाणे, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांतली जमीन त्यासाठी धरलेली आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. अंजीर-सीताफळाच्या बागा लावायला आणि फळाला यायला जी वर्षे जातात, ती कोणत्याही प्रवासवेळेच्या कोष्टकात येत नाहीत. त्यांचा मोबदला आणि पुनर्वसन हा प्रश्न विमानतळाइतकाच मोठा आहे. प्रवासाच्या गणितापुरते बोलायचे तर पणदऱ्याहून ही जागा साठेक किलोमीटरवर, दिवे घाटाच्या अलीकडे आहे. तीन तासांचा रस्ता दीड तासावर येईल. विमानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर दिल्लीपर्यंत सात-आठ मिनिटे वाचतात. त्यासाठी नवी इंजिने, नवे पंख आणि अब्जावधींचे संशोधन लागते. विमानतळ घाटाच्या अलीकडे आला, तर आहे त्याच विमानात पणदऱ्याच्या माणसाचा दीड तास वाचतो.